आलेली गाठ, असलेली गाठ

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा आमच्या गावावरून कराडला जाणारी सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. तिच्या पाठीला एक उभी लोखंडी भट्टी बसवलेली होती. चढ आला की गाडी दम टाकायची. किन्नर, म्हणजे गाडीचा क्लीनर, उतरून भट्टीत कोळसा ढोसायचा आणि तेवढ्यात पुरुषमाणसं खाली उतरून झाडांमागे जाऊन यायची. सगळे त्या गाडीला शिव्या द्यायचे. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, एकटेच तिची बाजू घ्यायचे. "ब्येस गाडी हाय," म्हणायचे. "मानसाला मानसागत वागवती."

लढाई संपली, पेट्रोल आलं, गाडी न थांबता कराड गाठू लागली आणि आबांनी कराडला जाणं सोडलं. या दोन गोष्टी एकमेकींना जोडायला मला सहा महिने लागले.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आठव्या वर्षापासून पाचगणीच्या इंग्रजी शाळेत, वसतिगृहात राहिले. आबा पलटणीत सुभेदार होते आणि त्यांच्या कर्नलसाहेबाने 'मुलीला शिकव' असं सांगितलेलं त्यांनी हुकूम समजून पाळलं. सुट्टीत घरी यायची तेव्हा घरातली माणसं पाहुणीशी बोलावं तसं माझ्याशी बोलत. माझी मराठी शुद्ध होती आणि थोडी होती. आबा म्हणत, "ह्या पोरीचं बोलनं इस्तरी केल्यालं अस्तंय." म्हणून मी बोलतच नसे. शिक्षण संपवून कायमची घरी आले तरी ती सवय गेली नाही. न बोलणाऱ्या माणसाला दिसतं मात्र पुष्कळ.

मला दिसलं ते असं. आबा दुपारी तीननंतर चहा घेत नसत. लग्नाच्या मांडवात ते वऱ्हाडाच्या मधे न बसता कडेला, वाटेजवळ बसत. बोलता बोलता मधेच उठून गोठ्याच्या मागे जात आणि तिथून बराच वेळ त्यांचं खाकरणं ऐकू येई. परत येत तेव्हा चेहरा ओझं उतरवलेल्या माणसाचा नसे. ओझं तसंच घेऊन परत आल्यासारखा असे. घरात ज्या माणसाने कधी तांब्या भरून घेतला नव्हता, तो पहाटे विहिरीवर स्वतःचं धोतर स्वतः धुवायचा. आईला हे दिसत होतं. तिलाही दिसत होतं की मला दिसतंय. आम्ही दोघी त्यावर एक अक्षर बोललो नाही.

गावातल्या वैद्यांनी मुतखडा म्हणून सांगितलं आणि कुळथाचं कढण सुरू झालं. रोज तीन तांबे. ज्याचं पाणी बाहेर पडत नव्हतं त्याला आम्ही आणखी पाणी पाजत होतो. आबा कढण हुकूम मानून प्यायचे आणि गोठ्यामागे जायचे.

गुऱ्हाळं सुरू झाली त्या पंधरवड्यात एका सकाळी आई माझ्याजवळ आली आणि भिंतीकडे बघून म्हणाली, "आबाचं अडलंय."

मला हा शब्द फक्त गाईच्या बाबतीत माहीत होता. गाय अडली म्हणजे वासरू बाहेर येत नाही. मी काही न समजून बघत राहिले, तशी तिने माझा हात धरून स्वतःच्या बेंबीखाली ठेवला. "हितं दगुड झालाय. कालच्यापासनं थेंब न्हाई."

आम्ही त्यांना बैलगाडीने स्टेशनवर आणि तिथून आगगाडीने मिरजेला नेलं. म्हणजे मी नेलं. गुऱ्हाळावर माणसं होती, आईला घर सोडता येत नव्हतं आणि दवाखान्यातला डॉक्टर मराठी बोलत नाही असं कुणीतरी सांगितलं होतं. आबा सबंध वाट डोळे मिटून, दोन्ही मुठी मांड्यांवर दाबून बसले होते. एकदाही कण्हले नाहीत.

डॉक्टर मद्रासकडचे होते. उंच, सावळे, हळू बोलणारे. त्यांचा कंपाउंडर मिरजेचाच होता आणि दुभाष्याचं काम तोच करी. त्याच्याजवळ एकच आवाज होता, तो बाजारात मेंढरं विकायच्या उपयोगाचा.

"काय की हो आजोबा," तो भरल्या व्हरांड्यात ओरडला, "धार पडतीया का थेंब थेंब? जोर करालाय की आपसूक येतंय?"

बाकांवर तीसेक माणसं होती. बायाही होत्या. आबा ताठ बसले, समोर बघत म्हणाले, "मला काय झाल्यालं न्हाई. पोटात वात धरलाय."

डॉक्टरांनी आबांच्या पोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातल्या इंग्रजी मासिकाकडेही पाहिलं. आम्हाला आतल्या खोलीत घेतलं.

आत आधी नळी घातली. मी पडद्याबाहेर होते. रबरी नळी जाईना. दुसरी, बारीक, तीही जाईना. मग चांदीची वाकडी नळी मागवल्याचं ऐकू आलं. त्यानंतर तामलीत, खाली धरलेल्या पसरट भांड्यात, पाणी पडू लागलं ते पडतच राहिलं. आबांचा एक लांब श्वास ऐकला. पहिली तामली भरून दुसरी घ्यावी लागली.

मग डॉक्टर बाहेर येऊन माझ्याशी इंग्रजीत बोलले. त्यांना सगळा वृत्तांत हवा होता. केव्हापासून त्रास आहे, सुरुवात व्हायला किती वेळ उभं राहावं लागतं, धार तुटते का, झाल्यावर झाल्यासारखं वाटतं का, घाई होऊन कपडे भिजतात का. मी सगळं समजून घेतलं. आणि पडद्याच्या आत, वडिलांच्या खाटेजवळ उभी राहिले तेव्हा माझ्या तोंडून एकही शब्द फुटेना.

तेव्हा मला एक युक्ती सुचली. तिचा मला फार अभिमान वाटला हे कबूल करते. पलटणीत आबांना रोमन अक्षरांत हिंदुस्तानी लिहायला-वाचायला शिकवलं होतं. बालबोध अक्षरांपेक्षा ते रोमन भराभर वाचत. मी डॉक्टरांच्या टेबलावरचा कागद घेतला, मराठी प्रश्न रोमन अक्षरांत लिहिले आणि कागद त्यांच्या हातात देऊन पाठ फिरवली. त्यांनी पेन्सिलीने 'हां' किंवा 'नहीं' लिहून कागद परत केला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. व्हरांड्यातल्या कुणाला काही कळलं नाही. एका कागदावर बापलेकींची अब्रू शाबूत राहिली.

तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी निदान सांगितलं. मूत्राशयाच्या तोंडाशी पुरुषांना एक ग्लँड असते, उतारवयात ती वाढते. पण आबांची फार वाढलेलीसुद्धा नाही. "संत्र्याएवढी ग्लँड झालेली माणसं मी पाहिली आहेत, ती रात्रभर स्वस्थ झोपतात," ते म्हणाले. "तुमच्या वडिलांची लहान आहे, पण कठीण झाली आहे. आतला मऊ भाग जाऊन त्या जागी तंतू आले आहेत. जुन्या जखमेचा वण कसा घट्ट, न ताणला जाणारा होतो, तसं. तोंड उघडतच नाही. मूत्राशय जोर करून करून थकलं आहे आणि मागे तुंबलेलं पाणी मूत्रपिंडांवर चढतं आहे." इलाज ऑपरेशन. तेही दोन टप्प्यांत. आधी ओटीपोटातून नळी घालून पाणी काढत राहायचं, मूत्रपिंडांना विश्रांती द्यायची. ती सावरली की मग ती कठीण जागा कापून काढायची. आजच दाखल व्हा, म्हणाले.

मी पुन्हा कागद घेतला. ग्लँडला मराठीत काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं. शाळेच्या शब्दकोशात कधीतरी पाहिलं होतं, गाठ. मी लिहिलं : तिथे गाठ आली आहे. ती टणक झाली आहे. कापावी लागेल. इथे राहावं लागेल. आणि नेहमीसारखी पाठ फिरवली.

पेन्सिलीचा आवाज आला नाही. मी वळून पाहिलं तर आबा कोट घालत होते. कागदाची चौपदरी घडी करून त्यांनी ती आतल्या खिशात ठेवली, फेटा बांधला.

"चल," ते म्हणाले.

"आबा, डॉक्टर म्हणतात…"

"वाचलं म्या. चल."

डॉक्टर दारापर्यंत आले. माणसाला बांधून ठेवता येत नाही, असं काहीसं म्हणाले. मग मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "आठ दिवसांत परत आणा. जीभ कोरडी पडली किंवा उचक्या लागल्या तर त्याआधी. उचकीला हसण्यावारी नेऊ नका. रक्तात विष साठल्याची ती खूण असते."

गाडीत आबा माझ्याजवळ बसले नाहीत. समोरच्या कोपऱ्यात, खिडकीपाशी, घोंगडी लपेटून बसले. किर्लोस्करवाडी मागे पडली तेव्हा त्यांना हुडहुडी भरली होती आणि अंग तापलं होतं. मी पाणी पुढे केलं तर म्हणाले, "तिथं फळीवर ठेव." मला वाटलं, मुलीला सगळं कळलं याची लाज त्यांना खाते आहे. मी तांब्या फळीवर ठेवला आणि खिडकीबाहेर पाहत बसले. माझीही लाज मला खातच होती.

घरी आल्यावर ते उंबऱ्याच्या आत आलेच नाहीत. अंगणातूनच आईला म्हणाले, "माझा तांब्या, ताट अन् वाकळ दे. मळ्यात ऱ्हातो." आणि उसाच्या फडापलीकडे राखणीसाठी बांधलेल्या खोपीत जाऊन राहिले.

दोन दिवस गेले. नळी घातल्यापासून थोडं थोडं पाणी होत असावं, कारण अडल्याचं कुणी बोललं नाही. मी त्यांच्याकडे गेले नाही. का गेले नाही याचं उत्तर सोपं आहे. गेले असते तर बोलावं लागलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई परसात मुळे निवडत बसली होती. मी जवळ जाऊन बसले. ती आपल्याशीच हसली.

"कुनीतरी आठवन काढतंय बग त्यांची. काल सांजपासनं उचक्या लागल्यात. म्या बांधावरनं इचारलं, पलटनीतल्या कुना मैतरनीनं आठवन काढली का काय?"

उचकीला हसण्यावारी नेऊ नका, असं डॉक्टर म्हणाले होते.

"बांधावरून का?" मी विचारलं. "तू खोपीत जात नाहीस?"

"जाऊ देत न्हाईत. पैल्याच दिशी म्हनले, बांध वलांडायचा न्हाई. जेवान बांधावर ठेव अन् मागं सर. तू मागं सरल्याबिगर म्या उचलायचा न्हाई." ती माझ्याकडे वळली. "तू काय सांगितलंस गं त्यास्नी दवाखान्यात?"

"डॉक्टरांनी सांगितलं तेच. गाठ आली आहे म्हणून."

आईचा हात थांबला. "काय म्हनलीस? पुन्यांदा म्हन."

"तिथे गाठ आली आहे."

"अगं माझे बाई!" तिने मुळा टाकला आणि दोन्ही हात डोक्याला लावले. "गाठ आली म्हनलीस बापाला? वरनं ताप बी व्हता त्यास्नी!"

मग तिने सांगितलं. आबा अकरा वर्षांचे असताना गावात गाठीचा ताप आला होता. माणसांच्या जांघेत, काखेत गाठ यायची आणि तिसऱ्या दिवशी माणूस जायचं. एका घरात गाठ आली की सगळं गाव उठून माळावर खोपटी घालायचं. आबांची आई आणि दोन भाऊ माळावर वेगळ्या खोपीत होते. अकरा वर्षांचं पोर त्यांचं पाणी आणि भाकरी बांधावर ठेवायचं आणि मागे सरायचं. तिघंही गेली.

"आमच्यात गाठ येती म्हंजी पिलेगच येतो," आई म्हणाली. "दुसरी कंची गाठ *येत* न्हाई. अन् त्ये बोलले न्हाईत कुनाला, व्हय ना? बोलले असते तर आज गाव उठलं असतं. भर गुऱ्हाळात चुली इझल्या असत्या. गप जाऊन मरायला बसल्यात त्ये थितं." मग डोळे पुसून तिने मला टोमणा मारला, तो मला अजून ऐकू येतो. "धा वर्सं विंग्रजी शिकलीस अन् बापाला माळावर बसीवलंस."

मी म्हणाले, "मग काय म्हणायला हवं होतं मी?"

"मला इचारतीस? आत काय अस्तंय त्ये मला काय ठावं!" तिने रागारागाने दुसरा मुळा उचलून मोडला. तो मोडला नाही, नुसता वाकला. "ह्यो बी बग. निबार झालाय. जून. आत निसत्या शिराच."

मी तो तिच्या हातातून घेतला. साल मऊ दिसत होती. मोडलेल्या जागी पांढरे दोरे लोंबत होते, ते ओढले तरी तुटेनात. डॉक्टरांचे शब्द मला आठवले. मऊ भाग जाऊन तंतू आले आहेत.

"निबार," मी म्हणाले. "हाच शब्द."

मुळा हातात घेऊन मी मळ्याकडे निघाले. आई मागून काहीतरी ओरडली. मी थांबले नाही. थांबले असते तर वाक्य जुळवत बसले असते, आणि वाक्य जुळवत बसले की माझा धीर जातो.

आबा खोपीच्या तोंडाशी बसले होते. तीन दिवसांत गाल बसले होते आणि पावलं सुजली होती. उचकी आली की सगळं अंग हलायचं. मला बांधाशी पाहून त्यांनी हात वर केला.

"थितंच ऱ्हा."

मी बांधावर पाय ठेवला.

"थांब म्हन्तो ना! हॉल्ट!"

परेडच्या मैदानावरचा तो आवाज होता. जन्मात मी त्यांचा शब्द मोडला नव्हता. मी बांध ओलांडला, खोपीत शिरले, त्यांच्या उशाजवळचा तांब्या उचलला आणि तोंडाला लावून घटाघट पाणी प्यायले. वरून ओतून प्यायले नाही, ओठ लावून प्यायले. आबा उठायला गेले पण त्यांना उठवेना.

"ह्ये काय क्येलंस पोरी! ह्ये काय क्येलंस!" ते रडायच्या बेतात होते.

"तुम्हाला प्लेग नाही," मी म्हणाले. "मी चुकीचा शब्द लिहिला. माझी चूक आहे. आता नीट ऐका, मी एकदाच सांगणार आहे, कारण पुन्हा मला सांगवेल की नाही माहीत नाही."

मी त्यांच्यासमोर मातीत बसले आणि भिंतीकडे न बघता, त्यांच्याकडे बघून बोलले.

"लघवीची पिशवी असते, तिच्या तोंडाशी प्रत्येक पुरुषाला एक मऊ गोळा असतो. जन्मापासून असतो. तुम्हाला आहे, डॉक्टरांना आहे, त्या ओरडणाऱ्या कंपाउंडरला आहे. ती गाठ कुठून आलेली नाही. असलेलीच आहे. वय झालं की ती कुणाची वाढते. तुमची निबार झाली आहे." मी मुळा त्यांच्या हातात दिला. "अशी. त्यातून लघवीची वाट जाते, ती आवळली आहे. म्हणून तुम्हाला उभं राहावं लागतं. म्हणून धार तुटते. म्हणून धोतर भिजतं. मुतखडा नाही, कढणाने काही होणार नाही. ताप आला तो नळी घातल्याने आला. डॉक्टर म्हणाले, तसा पुष्कळांना येतो."

शेवटचं वाक्य डॉक्टर म्हणाले नव्हते. ते मी घातलं. पुढे विचारलं तेव्हा ते खरं निघालं.

आबा मुळ्याचे दोरे बोटाने ओढत राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "धोतराचं तुला कवा कळलं?"

"वर्ष झालं."

"अन् तुझ्या आईला?"

"तिला त्याच्या आधी."

त्यांनी मान हलवली. उचकी आली, गेली. "एवढ्या तोंडानं बापाम्होरं लघवी लघवी करतीस. लाज न्हाई वाटत?"

"वाटते," मी म्हणाले. "लाजेपायीच कागदावर लिहिलं. म्हणून तुम्ही इथे बसलात."

त्यांनी मुळा खाली ठेवला आणि विचारलं, "त्यो साहेब कापतो म्हन्तो. वाचत्यात का समदी?"

खोटं सांगायचं मनात आलं. पण मघाशी एक वाक्य घातलंच होतं.

"सगळे वाचत नाहीत. पण न कापता राहिलं तर ही उचकी थांबणार नाही. ती कुणाच्या आठवणीची उचकी नाही, आबा. आठ दिवस दिले होते. त्यातले तीन गेले."

"दोनदा कापायचं?"

"दोनदा."

"अन् गुऱ्हाळ?"

"म्या बघीन गुऱ्हाळ!" बांधापलीकडून आई ओरडली. ती माझ्या मागोमाग आली होती आणि उसाच्या कडेला उभी राहून सगळं ऐकत होती. "आवं, तुमी उठा आदी! बायकामानसांनी कवा गूळ क्येला न्हाई व्हय? का त्येला बी मिशा लागत्यात?"

आबा हसले. हसताना उचकी लागली आणि ते आणखीच हसले. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात टेकला. तीन दिवसांनी ते माणसाला शिवत होते. हात तापलेला आणि जड होता. त्या खांद्याच्या आधाराने ते उठले.

त्याच दिवशी आम्ही मिरजेला गेलो. पहिलं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. पोटाला नळी आणि खाटेखाली बाटली. चौथ्या दिवशी उचकी थांबली. जीभ ओली झाली तेव्हा डॉक्टरांनी मला बोलावून ती दाखवली, जसं काही आम्ही दोघांनी मिळून ती कमावली होती. दुसऱ्या ऑपरेशनला महिना थांबावं लागलं. त्या महिन्यात सकाळच्या फेरीला डॉक्टरांचे प्रश्न मी विचारू लागले. कंपाउंडरला राग आला असेल असं मला वाटलं होतं, पण तो म्हणाला, "बरं झालं की हो ताई, माझा घसा तरी वाचला."

दुसऱ्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मऊ, मोठी झालेली गाठ सालीतून संत्रं सुटावं तशी बोटाने सुटून येते. ही तशी सुटणार नाही. तुकड्या-तुकड्याने कापावी लागेल, रक्त जास्त जाईल. मी ते जसंच्या तसं आबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फॉर्मवर रोमन अक्षरांत सही केली.

ऑपरेशन संपल्यावर मी डॉक्टरांना म्हणाले, मला ती बघायची आहे. त्यांनी भुवया वर केल्या, पण नर्सला खूण केली. तिने इनॅमलची थाळी आणली. त्यात पाच-सहा तुकडे होते, फिकट, पांढुरके. सगळे मिळून मोठ्या सुपारीएवढे भरले असते. मी एकाला चिमट्याने दाबून पाहिलं. तो दबला नाही.

आबा शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा त्यांनी हेच विचारलं. "केवडी व्हती?"

"सुपारीएवढी."

"मग येवडा दंगा कशापायी क्येला तिनं?" आणि ते पुन्हा झोपले.

खरी परीक्षा पुढे होती. नळी काढल्यावर लघवी पोटाच्या जखमेतून येईल की तिच्या स्वतःच्या वाटेने, यावर सगळं होतं. वाट धरली नाही तर जन्मभर पोटाला नळी आणि बाटली. डॉक्टर म्हणाले, चार दिवस वाट बघू. पहिल्या दिवशी पट्टी भिजली. दुसऱ्या दिवशी भिजली. आबांचं जेवणाचं ताट तसंच परत गेलं. तिसऱ्या दिवशी पट्टी थोडी कमी भिजली, की आम्हाला तसं वाटलं, कोण जाणे.

चौथ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले तेव्हा त्यांच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता. आत ते उभे आहेत हे खालून दिसणाऱ्या पावलांवरून कळत होतं. सूज ओसरलेली पावलं, आणि त्यांच्यामध्ये तामली. मी पूर्वीसारखी व्हरांड्यात गेले नाही. पडद्याशी उभी राहिले. डॉक्टरही फेरीला आले आणि माझ्याजवळ थांबले. त्यांनी नजरेने विचारलं. मी मान हलवली, अजून नाही. बराच वेळ गेला. मग तामलीत आवाज सुरू झाला. आधी तुटक, मग सलग, बारीक पण सलग.

डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं, "जोर करावा लागला का? धार कशी आहे?"

वॉर्डात बारा खाटा होत्या आणि सगळे जागे होते. मी आवाज न चोरता विचारलं, "आबा, लघवीला जोर करावा लागला का? धार कशी आहे?"

"न्हाई लागला," पडद्याआडून उत्तर आलं. "साहेबाला सांग, धार हाय. लय न्हाई, पर हाय."

मी सांगितलं. डॉक्टरांनी कागदावर लिहून घेतलं आणि पुढे गेले.

शेजारच्या खाटेवर सांगलीकडचे एक जैन व्यापारी होते, आबांच्याच वयाचे. आठ दिवस झाले, ते पोट दुखतंय याव्यतिरिक्त कुणाला काही सांगत नव्हते. भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. त्यांनी कूस बदलली.

"बाई," ते हळूच म्हणाले, "आमचं पण जरा विचारता का डॉक्टरास्नी?"

मी स्टूल ओढून त्यांच्या खाटेजवळ बसले आणि विचारलं, "सुरुवात व्हायला किती वेळ उभं राहावं लागतं?"